एक गाडा, चौदा बर्गर : प्रकल्प नोंदी

3 डिसेंबर 2024, मंगळवार

लातुरात माझं छपाईचं दुकान आहे. ट्युशन एरियातल्या, म्हणजे क्लासेसच्या भागातल्या, बर्गरवाल्या मामांना नवा फ्लेक्स हवाय. जुना दोन उन्हाळ्यांत पार विटलाय. लाल अक्षरं गुलाबी झालीत आणि फोटोतली हिरवी पानं निळी. उन्हात पिवळी शाई लवकर मरते, निळी चिवट असते. त्यामुळे लातुरात कुठलाही जुना बोर्ड बघा, सगळं जेवण आजारी दिसतं.

साइज चार बाय तीन फूट. मामांची अट अशी की चौदा आयटम चौदा फोटोंसकट बसले पाहिजेत. मी म्हणालो, मामा, चौदा फोटो बसवले तर एकेक फोटो तळहाताएवढा होईल, रस्त्यावरून दिसणार कुणाला? त्यापेक्षा मी सगळे खाऊन बघतो, मार्क देतो, वरचे तीन मोठे करू.

"खा की. पैसे मात्र द्यायचे."

ठरलं. यादी लिहून घेतली: आलू टिक्की, मसाला, व्हेज, चीज, मसाला चीज, शेजवान, शेजवान चीज, मेक्सिकन, तंदुरी, पेरी पेरी, डबल टिक्की, पनीर, किंग, जंबो. दर 40 पासून 110 पर्यंत. मार्क दहापैकी: बनला तीन, टिक्कीला तीन, सॉसला दोन, आणि शेवटच्या घासापर्यंत हातात टिकतो का याला दोन. हे शेवटचे दोन मला महत्त्वाचे वाटतात. अर्धा बर्गर शर्टावर घेऊन दुकानात परत येणं गिऱ्हाइकासमोर बरं दिसत नाही.

5 डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. बायकोचा उपवास, त्यामुळे पार्सल घरी न्यायची सोय नाही. सव्वासहाला गाड्यावरच उभं राहून आलू टिक्की खाल्ला. 40 रुपये.

मामांचं काम बघण्यासारखं आहे. बन मधोमध कापून कापलेली बाजू तव्यावर उपडी ठेवतात, कडेनं बटर सोडतात आणि उलथन्यानं एकदाच दाबतात. दुसऱ्यांदा दाबत नाहीत. पाव पातळ होऊ द्यायचा नसतो, नुसती आतली बाजू तव्याला चिकटवायची असते. अर्ध्या मिनिटात तिथं एक पातळ, तपकिरी, कुरकुरीत पापुद्रा येतो. सॉस त्या पापुद्र्यावर थांबतो, पावात मुरत नाही. वर तीळ लावलेली बाजू मऊ, आत पापुद्रा, मध्ये कढईतून काढलेली टिक्की, वर उभी चिरलेली पत्तागोबी आणि कांद्याची एक चकती.

साडेसात. सुरुवातीलाच एवढे दिले, पुढं जागा उरेल का असं वाटलं.

7 डिसेंबर, शनिवार

चंपाषष्ठी. घरी भरीत-रोडगा. आईनं चातुर्मास लागल्यापासून चंपाषष्ठीपर्यंत कांदा-वांगं सोडलेलं असतं, त्यामुळे आज पाच महिन्यांचा हिशोब एका ताटात चुकता झाला. बर्गर नाही.

9 डिसेंबर, सोमवार

आज तीन पार्सल आणले: मसाला, शेजवान, मेक्सिकन. दुकानात स्वयंपाकघराचा डिजिटल काटा आहे (लग्नपत्रिकांचे गठ्ठे कुरिअर करताना लागतो). बर्गर सोडवून एकेक भाग मोजला.

टिक्की : 71, 69, 72 ग्रॅम. बन : तिन्ही 58 च्या आसपास. तिन्ही टिक्क्या मोडून बघितल्या. तोच बटाटा, तोच वाटाणा, तीच हळद. फरक फक्त वरच्या सॉसचा, आणि सॉस निघाला चमचाभर, साधारण 12 ग्रॅम. आलू टिक्की 40 ला, मेक्सिकन 60 ला. म्हणजे मेक्सिको 12 ग्रॅमचा आणि 20 रुपयांचा.

मेक्सिकन म्हणजे नेमकं काय, असं संध्याकाळी जाऊन विचारलं. मामा म्हणाले, "टोमॅटो सॉसात मेयो आन् थोडं चिली फ्लेक्स." मग तंदुरी? "त्यातच चाट मसाला आन् लाल रंग." पेरी पेरी? मामांनी खिशातून पाऊच काढून दाखवलं. भुरभुरायची पावडर.

तक्रार नाही माझी. आमच्याकडेही एकच पत्रिका सहा रंगांत छापून सहा डिझाइनं म्हणून दाखवतात. पण चौदा आयटमांचा खरा हिशोब असा निघतो: टिक्क्या दोन, आलू आणि पनीर. बाकी सगळं सॉस, चीज स्लाइस आणि धाडस.

मसाला 7, शेजवान 6, मेक्सिकन 6. शेजवानचा तिखटपणा घशाला लागतो, जिभेला कळत नाही.

आईनं विचारलं, यात हॅम असतं म्हणे, ते डुकराचं ना? मी सांगितलं, नाव हॅम्बर्ग या जर्मनीतल्या शहरावरून पडलं, हॅमशी संबंध नाही. आणि 1996 साली दिल्लीत मॅकडोनाल्ड्सचं पहिलं दुकान उघडलं तेव्हा त्यांनीही इथं गाईचं आणि डुकराचं मांस ठेवलंच नाही. आपल्याकडं बर्गर म्हटलं की बटाटा. आई म्हणाली, "मग वडापावच की." त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही.

11 डिसेंबर, बुधवार

गडबड झाली. माझ्या दुकानातला छपाई मशिनवरचा पोरगा सोबत होता, त्याला दाखवायला म्हणून पुन्हा आलू टिक्की घेतला. तोच माणूस, तोच तवा, तेच 40 रुपये. बन कोरडा. चावला की कडेनं भुगा पडायचा, तिसऱ्या घासाला वरचं झाकण मधोमध तडकलं आणि टिक्की पत्तागोबीसकट खाली. प्रामाणिकपणे मार्क द्यायचे तर पाच.

गुरुवारी साडेसात, बुधवारी पाच. मग मी परवा शेजवानला सहा दिले ते शेजवानला दिले की सोमवारला?

पोरगा म्हणाला, "दादा, तुम्ही मार्क पावाला द्यायलाव." बरोबर बोलला.

13 डिसेंबर, शुक्रवार

आज खायला गेलोच नाही, बसायला गेलो. संध्याकाळी पाच ते साडेनऊ, गाड्यामागच्या स्टुलावर. मामांनी दोनदा विचारलं, "सर, तुम्ही खायलाव का मोजायलाव?"

कळलेलं: बेकरीची रिक्षा आठवड्यातून दोनदा येते, सोमवार आणि गुरुवार, दुपारी चारला. चार डझनांपेक्षा कमी ते टाकत नाहीत. उरलेले बन शेजारच्या ज्यूसवाल्याच्या फ्रिजमध्ये जातात. म्हणजे बुधवारचा बन दोन रात्री फ्रिजमध्ये काढून आलेला होता.

पाव फ्रिजमध्ये ठेवला की जास्त लवकर शिळा होतो, हे बऱ्याच लोकांना पटत नाही. ओलावा उडतो म्हणूनच पाव कडक होतो असं आपल्याला वाटतं. खरं कारण आतल्या स्टार्चचं आहे. भाजताना तो फुगून मऊ होतो, गार झाला की पुन्हा घट्ट बांधला जायला लागतो, आणि फ्रिजच्या चार-पाच अंशांना हे काम बाहेरच्यापेक्षा वेगानं चालतं. तव्यावर गरम केला की थोडा वेळ परत मऊ होतो, म्हणून पहिला घास बरा लागतो आणि चौथा लागत नाही. डीप फ्रीझरमध्ये मात्र हा सगळा प्रकार जवळपास थांबतो.

मामांना सांगितलं. ते ऐकून घेतात, पण लगेच मान हलवत नाहीत. म्हणाले, "फ्रिज हौस म्हणून नाही लावला सर. पावसाळ्यात बाहेर ठिवला की तिसऱ्या दिवशी बुरशी. पन्नास बन टाकले हायत मी उकिरड्यावर." हे मला माहीत नव्हतं. डिसेंबरमध्ये बसून जुलैचं शहाणपण शिकवायला गेलो होतो.

आणखी एक. पार्सल वर्तमानपत्रात बांधतात. यावर मात्र मी बोललो, कारण शाई हा माझा धंदा आहे. गरम आणि तेलकट वस्तू लागली की छपाईची शाई सुटते, कागदावरची बातमी बनच्या बुडाला उलटी उमटलेली मी स्वतः बघितलीय. अन्न सुरक्षेच्या 2018 च्या पॅकेजिंग नियमांत वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळायला बंदीच आहे. मामा म्हणाले, रद्दी वीस रुपये किलो, बटर पेपर कितीला? मी म्हणालो, आणून देतो, फ्लेक्सच्या बिलात धरू.

14 डिसेंबर, शनिवार

दत्तजयंती. चीज खाल्ला. स्लाइस टिक्कीवर ठेवून वर वाटी झाकतात, वाफेनं दहा सेकंदांत सगळीकडं सारखी वितळते, तेल सुटत नाही. 7. जास्त लिहिण्यासारखं नाही.

16 डिसेंबर, सोमवार

प्रयोग. बेकरीची रिक्षा आली तेव्हाच मामांकडून अठरा बन विकत घेतले. सहा दुकानातल्या फ्रिजमध्ये. सहा स्टीलच्या डब्यात, वरून फडकं. सहा पिशवीत बांधून आइसक्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये, त्याला एक बर्गर कबूल करून.

18 डिसेंबर, बुधवार

निकाल. दुपारी तीनला फ्रीझरमधले काढून ठेवले, सहाला सगळे मामांच्या तव्यावर. मशिनवरच्या पोराला पाठ करून उभं केलं आणि नुसता बटर लावलेला बन हातात दिला, कुठला ते न सांगता. तीन फेऱ्या.

फ्रिजचा त्यानं तिन्ही वेळा शेवटचा ठरवला. डब्यातला आणि फ्रीझरमधला यांत एकदा चुकला, दोनदा फ्रीझरमधला वरचा ठरवला. डब्यातल्याला कडेनं जरा चामटपणा आला होता. बुरशी नव्हती, पण आत्ता थंडी आहे.

मामांनी तिन्ही प्रकारचे बन बोटांनी दाबून बघितले. काही बोलले नाहीत. जाताना बघितलं तर आइसक्रीमवाल्याशी बोलत उभे होते. थंडीत त्याचा फ्रीझर तसाही अर्धा रिकामा असतो. रोज दोन बर्गरवर सौदा ठरला. त्यात एक चीज पाहिजे असा त्याचा आग्रह आहे, त्यावर अजून चर्चा चालू.

20 डिसेंबर, शुक्रवार

आता बन जमला तर टिक्की बिघडली. तंदुरी आणि डबल टिक्की घेतले, दोन्ही टिक्क्या कढईत फुटलेल्या, कडा काळपट आणि मध्ये लगदा. मामा वैतागलेले. "नवा बटाटा आलाय मार्केटला."

नव्या बटाट्यात पाणी जास्त आणि स्टार्च कमी, मग टिक्की बांधून राहात नाही. जुना शीतगृहातला असला तर त्याची वेगळी खोड: थंडीत त्यातली साखर वाढते, तळताना लवकर काळा पडतो. मामा दोन्ही मिसळून घेतात, म्हणजे दोन्हींचे दोष एका टिक्कीत. उपाय मामींनी काढला. बटाटे उकडून सोलून परातीत पसरायचे, पंख्याखाली पूर्ण गार करायचे आणि मगच कुस्करायचे. गरम कुस्करला की चिकट होतो. टोस्टचा चुराही मूठभर जास्त.

तंदुरी 5, डबल 4.5. डबलवर अन्याय झाला असेल. पण डबलची अडचण टिक्कीची नाहीच, तोंडाची आहे. एवढं तोंड उघडत नाही माणसाचं.

22 डिसेंबर, रविवार

रविवारी क्लासवाल्या पोरांचे पेपर असतात. ते सुटले की अर्ध्या तासात गाड्यावर पन्नास-साठ पोरं. कुणाचे मार्क किती येतील याचा अंदाज चाललेला, ओएमआर उत्तरपत्रिकेचे गोळे, फिजिक्स अवघड गेलं, वगैरे. मीही मार्कच द्यायला आलो होतो, पण सांगितलं नाही.

गर्दी ओसरल्यावर मामी आल्या, बरोबर डबा. शेंगदाणा-लसणाची चटणी, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. मी सहज म्हणालो, ही बनला लावून बघू या का. मामांनी तव्यावरच्या बटरात चमचाभर चटणी टाकली, लसणाचा वास आला, त्यावरच बन उपडा केला. पापुद्र्यात चटणी भाजून बसली. सॉस नाही, मेयो नाही. टिक्की, कांदा, बस्स.

साडेआठ. आतापर्यंतचा सगळ्यात वरचा. खाताना मी डोळे मिटले होते असं मामी म्हणतात.

मी तिथल्या तिथं ठरवलं: फ्लेक्सवर मधोमध हाच. "गावरान चटणी बर्गर", मागं उखळाचा फोटो. डोक्यात डिझाइन तयार झालं. मामांनी मात्र डोकं खाजवलं. म्हणाले, आधी पुठ्ठ्यावर लिहून लावू, तीन दिवस बघू.

25 डिसेंबर, बुधवार

तीन दिवसांत विक्री: सात. त्यातले दोन माझे, एक मशिनवरच्या पोराचा (माझ्या पैशानं). एक अहमदपूरकडच्या गृहस्थांचा, मुलीच्या होस्टेलवर धान्य टाकायला आले होते. त्यांनी तोंडभर कौतुक केलं. मुलीनं मेयोवाला चीज घेतला.

उरलेल्या तिघांचं काही कळलं नाही. पण ज्यांनी घेतला नाही त्यांच्यातल्या एकाला मी विचारलंच. पोरगा साधारण सतराचा, पाठीवर सॅक.

"काका, आईनं दोन किलो चटणी दिलीय डब्यात. सकाळ-संध्याकाळ तीच खायलो. तिचा कंटाळा आला म्हणून तर इथं यायलो."

मी पंचेचाळीसचा आहे, दुपारचं घरी जेवतो. मला चटणीत गाव लागतं. त्याला चटणीत मेस लागते. माझे साडेआठ माझ्यापुरते खरे आहेत, पण बोर्ड त्याच्यासाठी लागणार आहे.

पुठ्ठा काढला. मामांनी हूं का चूं केलं नाही, त्यांना आधीच माहीत असावं.

30 डिसेंबर, सोमवार

वेळ अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा आमच्याकडचा सण. लातूर रिकामं. गंजगोलाईला, म्हणजे मुख्य बाजारपेठेच्या चौकात, सोळा रस्ते येऊन मिळतात, आज सोळांवर मिळून सोळा माणसं नसतील. सगळे शेतात. गाडा बंद, मामा त्यांच्या शेतावर, आम्ही औशाकडं सासुरवाडीला. कडब्याची कोप (खोप), भज्जी (शेंगा-भाज्यांची एकत्र भाजी), बाजरीचे उंडे, मडक्यातलं आंबील. मेव्हण्यानं होस्टेलवरची दोन पोरं धरून आणली होती, विदर्भातली, त्यांना हा सण माहीतच नव्हता. दोघांनी भज्जी तीनदा मागून घेतली.

आंबीलला मार्क देण्याचा विचार मनात आला होता. सासूबाई समोरच बसल्या होत्या.

3 जानेवारी 2025, शुक्रवार

फोटो. मामांच्या पुतण्यानं नेटवरून बर्गरचे फोटो उतरवून आणले होते, त्यात सॅलडची कुरळी पानं, टोमॅटोच्या जाड चकत्या, वितळून ओघळणारं चीज. मी नाही म्हणालो. मामांकडं पत्तागोबी असते. फोटोत पान बघून आलेलं गिऱ्हाईक हातात पत्तागोबी आली की भांडतं, आणि तेही बरोबरच असतं.

दुपारी चारला, बन आदल्या दिवशीचे आणि फ्रीझरमधून काढलेले, टिक्की गार बटाट्याची. गाड्यावरच पांढरा कार्डशीट मागं धरून फोनवर काढले. झाकण जरा तिरकं ठेवलं म्हणजे पापुद्रा दिसतो. पहिले दोन पुतण्यानं फोटो व्हायच्या आत खाल्ले.

तीन मोठे फोटो: आलू टिक्की, मसाला, चीज. बाकीची नावं खाली बारीक. आलूचे मार्क सुधारून आठ केले, पाच वेगवेगळ्या दिवशी पाच खाऊन मगच.

पनीर रविवारीच असतो आणि माझ्या दोन्ही रविवारी संपला होता. किंग म्हणजे काय याबद्दल मामा आणि पुतण्या यांच्यात एकमत नाही. जंबोला मोठा बन लागतो, तो बेकरीनं दोन वर्षांपासून दिलेला नाही. तिन्ही यादीतून उडवले. मामांना जंबोचं वाईट वाटलं. "नाव भारी होतं सर."

7 जानेवारी, मंगळवार

फ्लेक्स छापला. रिंगा मारून, कडा दुमडून तयार केला, उलगडून टेबलावर ठेवला आणि बघतो तर मसाला 45. मसाला 50 ला आहे. प्रूफ मी स्वतः तीनदा वाचलं होतं. चटणीसाठी केलेल्या जुन्या फाइलवरच काम केलं, तिथला आकडा राहिला.

परत छापायचा तर बारा स्क्वेअर फुटांचं मटेरियल माझ्या अंगावर. शेवटी त्याच लाल रंगाचा स्टिकर कापून 50 चिकटवला. लांबून कळत नाही. जवळून कळतं.

10 जानेवारी, शुक्रवार

लागला बोर्ड. बटर पेपरचं पहिलं बंडलही दिलं. बिलातले अर्धे पैसे रोख, बाकीच्या अर्ध्याबद्दल मामा म्हणाले, "खाऊन फेडा." मी आजवर खाल्लेल्याचे पैसे रोख मोजलेत, याची आठवण करून दिली. हसले नुसते.

साताच्या सुमाराला चार पोरं आली. एकानं बोर्डाकडं बघत बघत खालपर्यंत वाचलं, मग नखानं 50 चा स्टिकर थोडा उचकटून आत डोकावला.

"मामा, इथं पंचेचाळीस हाय की!"

मामांनी उलथन्यानं माझ्याकडं बोट केलं.

त्या चौघांच्या मसाल्याचे वीस रुपये माझ्या बिलातून वळते झाले.